कालव्याचे पुनरुज्जीवन आणि सांडव्याची उपेक्षा

इंग्लंडमधील रॉचडेल कालवा 1952 साली अधिकृतपणे वाहतुकीस बंद झाला आणि पन्नास वर्षांनी, 2002 साली, पूर्ण लांबीने पुन्हा खुला झाला. बत्तीस मैलांत 91 जलपाश, म्हणजे व्यवहारातली ‘लॉक’, असलेल्या या कालव्याचे पुनरुज्जीवन हा लोकप्रयत्नांचा विजय होता, यात शंका नाही. परंतु मृत कालवा जिवंत करणे म्हणजे केवळ त्यात पाणी सोडणे नव्हे. नको असलेले पाणी बाहेर काढण्याची सोयही तितकीच जिवंत ठेवावी लागते.

नदी आपला उतार स्वतः शोधते. कालव्याचे तसे नाही. दोन जलपाशांमधील पाणी जवळजवळ सपाट असते आणि ते पेलण्याची त्याची शक्ती बेताचीच. म्हणून जलपाशाच्या वरच्या अंगाला सांडवा आणि बगलेतून खालच्या टप्प्यात जाणारा पाट अशी योजना असते. हा पाट पालापाचोळ्याने तुंबला की पाणी दारांवरून आणि काठावरून वाहू लागते. मातीचा भराव झिजतो आणि संकट खालच्या वस्तीवर कोसळते. दारांच्या झडपा उघडूनही प्रश्न सुटत नाही. तो फक्त एक पायरी खाली जातो. त्यातून शेजारची नदीच तुडुंब असेल, तर जादा पाणी सोडावे कोठे? 26 डिसेंबर 2015 रोजी कॅल्डर खोऱ्यात आलेल्या महापुराने हा प्रश्न ढळढळीतपणे पुढे आणला.

1 ऑगस्ट 2019 रोजी पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरविणाऱ्या टॉडब्रुक जलाशयाचा सांडवा खचला आणि व्हेली ब्रिज गावातील सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. सदोष रचना आणि तिला मिळालेली अनियमित देखभालीची जोड, असा निष्कर्ष स्वतंत्र चौकशीने काढला.

या कालव्यांचा कारभार 2012 पासून एका धर्मादाय न्यासाकडे आहे. 2027 पासूनच्या दहा वर्षांसाठी सरकारने 40.1 कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले. तथापि ते वर्षागणिक घटत जाणार आहे. नौकाविहाराच्या उद्घाटनास देणगीदार मिळतात, तुंबलेला पाट उपसण्यास मिळत नाहीत. म्हणूनच उपलब्ध निधीवर पहिला हक्क सांडव्यांचा व पाटांचा असला पाहिजे. कालव्याकाठी राहणाऱ्यांची सुरक्षितता देणगीदारांच्या हौसेवर सोडता येणार नाही.