पास्ता आणि चकोल्या

काल पुन्हा एका पातेल्यातला पास्ता केला. वागळे इस्टेटच्या रोड नंबर १६ वरून रात्री आठला निघाल्यावर पोळ्या लाटायचं त्राण कुणाच्या अंगात असतं हो? कांदा-लसूण परतायचं, टोमॅटो मऊ झाले की पास्ता, तो बुडेल इतकंच पाणी आणि मीठ. पाणी ओतून द्यायचं नाही. पास्त्याचा स्टार्च त्यातच उतरतो आणि रस दाट होतो. चीज गॅस बंद केल्यावरच, नाहीतर तळाला चिकटतं. (आमच्याकडे अमूलचं. नाकं मुरडू नका.)

फोनवर आई म्हणाली, "रोज असलंच खाता का गं?"

मी चिडले. मग आठवलं, आईसुद्धा इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला होती. सुटून आली की चकोल्या करायची. फोडणीच्या वरणात शंकरपाळ्यांसारखे कापलेले कणकेचे तुकडे, वरून तूप. एकच पातेलं. तेव्हा आजी तिला हेच विचारायची.

चकोल्यांना आता आपण 'पारंपरिक' म्हणतो. मला विचाराल तर आमच्या घरी तरी तो दमलेल्या बाईचा स्वयंपाक होता, आणि चांगला होता.

आईला हे सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हिंग घालतेस का त्यात?"