बाबांना चुकायची भीती का वाटावी?

मागच्या महिन्यातली गोष्ट. आई-बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी इथे क्युपर्टिनोला आले आहेत. दुपारी मी शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये होतो. तासाभराने बाहेर आलो तर बाबा हातात रिमोट घेऊन सोफ्यावर बसलेले आणि समोर टीव्हीचा पडदा काळा.

"बाबा, हाक का नाही मारलीत?"

"अरे, तुझं काम चालू होतं. माझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. आणखी बिघडायला नको म्हणून मग हातच लावला नाही."

बाबांनी एमएसईबीत ३४ वर्षं काढली. भर पावसात मध्यरात्री लाइनवरचा फॉल्ट शोधायला जाणारा हा माणूस. तो एका रिमोटला घाबरून तासभर गप्प बसला. झालं होतं इतकंच की टीव्हीचं इनपुट बदललं होतं. मी दोन सेकंदांत ते जागेवर आणलं, पण मनातून काही ते जाईना. कारण टीव्हीवर दिसणारे असले मेनू बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

ज्येष्ठांची सोय म्हटलं की आमच्याकडे पहिली सूचना येते ती अक्षरं मोठी करण्याची. ती करावीतच. पण खरी अडचण मला वेगळीच वाटते. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने चुकीचं बटण दाबलं तर ती आणखी चार बटणं दाबते आणि कुठेतरी पोचते. बाबांना मात्र परतीची वाट सापडत नाही. मग मुलाला उठवा, सुनेला विचारा. रोज रोज विचारायचं म्हणजे माणूस ओशाळतो. हळूहळू "मला नाही बघायचं, डोळे दुखतात" असं म्हणायला लागतो. आणि आपण समजतो, त्यांना आवडच नाही.

जुना रेडिओ आठवा. विविध भारती निसटली तर बटण जरा उलटं फिरवायचं, की परत हजर. हीच गोष्ट ओळखून सारेगामाने २०१७ साली 'कारवाँ' आणला. दिसायला जुना रेडिओ, आत ५ हजार गाणी आधीच भरलेली. गाणी ऐकायला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. मिरजेच्या घरी बाबा तो डोळे मिटून चालवतात. तेव्हा 'या वयात त्यांना टेक्नॉलॉजी जमत नाही' हे काही खरं नाही.

कुणी म्हणेल, मूठभर म्हाताऱ्यांसाठी सगळं कशाला बदलायचं? टीव्हीवरच्या सबटायटल्सचंच घ्या. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी म्हणून अमेरिकेने १९९० साली कायदा केला आणि १९९३ पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत ती दाखवायची सोय सक्तीची झाली. आज मुलगी झोपल्यावर आवाज बारीक करून आम्ही दोघं त्याच सबटायटल्सवर सिनेमा बघतो. एकाची अडचण दूर केली की दहा जणांची सोय होते, ती अशी.

मग आम्ही करायला काय हवं? फार काही नाही. कुठेही अडकलं तरी एका बटणात मूळ जागी परत येता यावं. दर अपडेटला मेनूची जागा बदलू नये. रिमोटने एकेक अक्षर शोधत पासवर्ड भरायला लावू नये. आणि मालिका मराठी असेल, तर मेनूही मराठीत मिळावा.

इथे माझीही एक कबुली. गेल्या वर्षी आमच्या टीमने मेनू उचलून दुसरीकडे ठेवला. तो वापरून बघायला बोलावलेली माणसं सगळी आमच्याच वयाची होती. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मुदत जवळ आली होती, मी गप्प बसलो. मिरजेत किंवा आणखी कुठेतरी कुणाचे तरी बाबा त्यामुळे काळ्या पडद्यासमोर बसले असतील. आता पुढच्या चाचणीत सत्तरीपुढची माणसं हवीतच, असं मी लेखी मागितलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही, पण मी मागे लागलो आहे.

घरी तोवर साधा उपाय केला. रिमोटच्या होम बटणावर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि बाबांना सांगितलं, "काहीही झालं तरी हे दाबा. बाकी बिनधास्त चुका." परवा त्यांनी स्वतःहून एक जुनं नाटक शोधून काढलं. आधी तीनदा चुकले, तिन्ही वेळा लाल बटण दाबून परत आले. आईला म्हणाले, "बघ, जमलं."

तुमच्याकडेही आई-बाबा आले असतील, तर त्यांच्या हातातून रिमोट लगेच काढून घेऊ नका. शेजारी बसा, ते कुठे अडतात ते बघा आणि त्या कंपनीला कळवा. आमच्यासारख्यांना ते कळायलाच हवं. फॉल्ट बाबांचा नाही, आमचा आहे.

(लेखक क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया येथे सॉफ्टवेअर अभियंता आहेत.)