आज मुक्काम कुठे? वाऱ्याला विचारा!

सहलीला निघायच्या आधी तुमच्या घरी सगळ्यात पहिल्यांदा काय मागतात? आमच्या बाबांना लागते आयटिनरी. साडेसातला नाश्ता, आठला बस, सगळं कागदावर हवं. म्हणून ज्या सुट्टीत रात्रीचा मुक्काम कुठे, हे सकाळी खुद्द कप्तानालाही नक्की माहीत नसतं, तिच्याबद्दल मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आणि याचे पैसे घेतात?”

घेतात. वर कामही करून घेतात!

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या कॅम्डन आणि रॉकलंड बंदरांतून उन्हाळ्यात जुनी शिडाची जहाजं पाहुण्यांना घेऊन काही दिवसांच्या सफरीवर निघतात. ही पर्यटकांसाठी जुन्यासारखी दिसणारी नवी जहाजं नाहीत हं. ‘लुईस आर. फ्रेंच’ आणि ‘स्टीफन टेबर’ ही दोन्ही १८७१ सालची, मालवाहू. लाकूड, विटा, दगड वाहून आयुष्य गेलं. पुढे वाफेची जहाजं आणि ट्रक आले, आणि अशी कितीतरी जहाजं किनाऱ्यावर कुजत पडली. १९३६मध्ये फ्रँक स्विफ्ट नावाच्या माणसाने कॅम्डनहून मालाऐवजी माणसं न्यायला सुरुवात केली. त्यातून ही सुट्टी जन्मली आणि काही जहाजं वाचली.

माझी आजी मालवणची. कौलं, मीठ घेऊन मुंबईला जाणाऱ्या गलबतांच्या गोष्टी तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेल्या. त्यातलं एकही गलबत मला बघायला मिळालं नाही. मेनची ही जहाजं वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

तर, काम काय असतं? शीड चढवायचं. पाहुणे दोन रांगांत उभे राहतात, दोर हातात घेतात आणि इशारा झाला की सगळे मिळून ओढतात. जाड कापडाचं ते अवजड शीड हळूहळू डोलकाठीवर चढतं. तळहात लाल होतात. जबरदस्ती नाही, पण बघत बसणारे फार नसतात म्हणे. ‘फ्रेंच’वर तर इंजिनच नाही. वारा पडला की मोटर लावलेली एक छोटी होडी मागून जहाजाला ढकलते!

स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर. ताजा पाव, गरम सूप आणि एखाद्या संध्याकाळी बेटाच्या किनाऱ्यावर शिजवलेले लॉब्स्टर. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा.

आता खरं सांगते, ही सुट्टी सगळ्यांसाठी नाही. केबिन म्हणजे जेमतेम रेल्वेचा डबा, आणि टॉयलेट बहुतेक ठिकाणी सामायिक. जुलैतही जाकीट लागतं, धुकं तर कधीही उतरतं. मुलांच्या वयाची अट प्रत्येक जहाजाची वेगळी, ती आधी विचारून घ्या. बोट लागते म्हणून घाबरत असाल, तर थोडा दिलासा आहे: पेनॉब्स्कॉटच्या उपसागरात बेटंच इतकी आहेत की उघड्या समुद्रासारख्या लाटा सहसा लागत नाहीत. रोज संध्याकाळी एखाद्या शांत खाडीत नांगर पडतो.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र विचारलं, “त्या दोराला साधारण किती माणसं लागतात गं?”