उन्हाचे बळी आणि सवयींचे राजकारण

लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्याचे मतदान १ जून २०२४ रोजी झाले. त्या एका दिवसात उत्तर प्रदेशात ३३ मतदान कर्मचारी उष्म्याने दगावल्याची माहिती राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच दिली. मात्र निकालानंतरच्या चर्चेत जागांची आणि जातींची गणिते तेवढी उरली. राजकीय पक्षांना दोष देणे सोपे आहे. परंतु पक्ष मतदाराच्या मनाचा कानोसा घेऊनच बोलतात आणि त्या मनात हवामान बदलाला अद्याप वरचे स्थान नाही.

याचे कारण मानवी स्वभावात आहे. माणसाची चिंता करण्याची शक्ती मर्यादित असते, हा विचार मानसशास्त्रज्ञ एल्के वेबर यांनी हवामान बदलाच्या संदर्भात मांडला. महागाई आणि नोकरीची विवंचना समोर असली की दूरचे संकट आपोआप मागे पडते. त्यातच उष्मा ऋतूबरोबर ओसरतो आणि पहिल्या पावसासरशी त्याचा विसर पडतो. शून्य निव्वळ उत्सर्जनाचे भारताचे उद्दिष्ट २०७० सालचे. सरकारची मुदत मात्र पाच वर्षांची.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे ‘लाइफ’ ही संकल्पना मांडली. पर्यावरणस्नेही जीवनशैली हा तिचा गाभा. हेतू रास्त आहे. प्रश्न एवढाच की, आवाहनाने सवयी बदलतात काय? याचे उत्तर सरकारच्याच अनुभवात सापडते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत घाऊक खरेदीमुळे एलईडी दिव्याची खरेदी किंमत सुमारे ३१० रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली आली आणि ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी पोहोचले. ताराांकित वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देण्याचे बंधन जानेवारी २०२० पासून आले. तापमान कमी करण्याची मुभा कायम राहिली, परंतु काटकसरीची निवड आधीच करून ठेवली गेली. गॅसचे अनुदान सोडण्याच्या आवाहनाला एक कोटीहून अधिक ग्राहकांनी प्रतिसाद दिला, त्यामागेही तो पैसा गरिबाच्या चुलीसाठी जाणार असल्याचे आश्वासन होते. योग्य कृती स्वस्त, सोपी वा डोळ्यांना दिसणारी झाली, तेव्हाच वर्तन बदलले.

जीवनशैलीच्या उपदेशाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. मतदान केंद्रावर नेमलेल्या शिपायाला वा गृहरक्षकाला निवड करण्यासारखे काहीच नव्हते. ऊन त्याने निवडले नव्हते आणि मतदानाची तारीखही त्याच्या हाती नव्हती. ही निवडणूक किमान महिनाभर आधी संपायला हवी होती, हे तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी ३ जून २०२४ रोजी मान्य केले. वेळापत्रक हीदेखील एक सवयच आहे, आणि ती नागरिकाची नसून राज्ययंत्रणेची आहे. २०२९ चे मतदान कोणत्या महिन्यात होते, यावरून जीवनशैली बदलण्याचा धडा दिल्लीने स्वतः किती गिरवला, हे कळेल.