उंबरठ्याच्या आत

वऱ्हाडातील जुन्या घरांची रचना पाहिली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. रस्त्याला लागून ओसरी असे. तेथे वाटसरू, शेजारी, गावचा पाटील, कोणीही येऊन टेकावे. त्यापलीकडे माजघर. तेथे घरची माणसे येत आणि घरच्यांनी ज्यांना बोलाविले ती येत. माजघरात काही पापकृत्ये चालत म्हणून त्याला भिंत होती, असे नव्हे. तेथे आजारपण असे, लेकीच्या लग्नाची काळजी असे, सावकाराच्या देण्याविषयी नवराबायकोची हलक्या आवाजातली बोलणी असत. मनुष्याला मोकळेपणाने जगता यावे, यासाठी जगाच्या दृष्टीपासून थोडी जागा राखून ठेवावी लागते. ही गरज श्रीमंताला असते तशीच, किंबहुना अधिक, गरिबाला असते.

परकीय सरकारला ही भिंत नेहमीच सलत असे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. ते नेमाने दैनंदिनी लिहीत. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, १९११ च्या डिसेंबरापासून १९१२ च्या मार्चपर्यंत, दादासाहेब शिर्डीस राहिले होते. त्या काळात त्यांच्या विश्वासातला एक गृहस्थ प्रत्यक्षात सरकारी हेर होता आणि त्याची नजर त्या दैनंदिनीपर्यंत पोहोचली होती, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. एका माणसाच्या मनातले जाणून घेण्यासाठी त्या हेराला केवढी यातायात करावी लागली असेल! ओळख वाढवावी, विश्वास संपादन करावा, दिवसचे दिवस काढावेत, तेव्हा कोठे चार पाने दृष्टीस पडावयाची.

आज तसल्या हेराची आवश्यकता उरलेली नाही. आपणच आपली दैनंदिनी क्षणोक्षणी लिहीत असतो आणि ती आपल्या पेटीत नसते. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रस्त्यावर एखादी वस्तू घ्यावी, तर पैसे मोजण्यापूर्वी दुकानदार मोबाइलचा क्रमांक विचारतो. क्रमांक दिल्यावाचून पावती नाही, असा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना केली होती. ग्राहक मात्र अजूनही मुकाट्याने दहा आकडे सांगून मोकळा होतो.

दर्यापूरकडच्या किंवा बाळापूरकडच्या एखाद्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. आता तो क्रमांक या शेतकऱ्यापाशी आहे, बँकेतील खाते त्याला जोडलेले आहे. एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आणि त्यात आधारला सातबाऱ्याची जोड मिळाली. या व्यवस्थेने मध्यस्थाचा हात टळतो, अनुदान थेट खात्यावर पडते; हा लाभ कोणीही नाकारू नये. परंतु जमीन किती, पीक कोणते, कर्ज कोठले, हे एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी वाटणारे धागे एका हाती आले, की त्यांतून सबंध माणूस विणून काढता येतो. पूर्वी सावकाराच्या वहीत एका गावाचे देणे असे आणि तेवढ्या बळावर तो गावावर सत्ता गाजवी. पाऊस लांबला असताना कोणता शेतकरी सर्वांत अडचणीत आहे, हे बियाणे वा कर्ज विकणाऱ्याला आधीच कळले, तर घासाघीस करावयाला त्या शेतकऱ्यापाशी काय उरेल?

माहिती उघड होणे वाईटच, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. २०१७ साली राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना या नावाने कर्जमाफी जाहीर केली. अर्ज संगणकावर भरावयाचे होते. पुढे अर्जदारांच्या याद्यांचे गावोगाव चावडीवाचन करावे, असे ठरले. हेतू वाईट नव्हता. खोट्या लाभार्थ्यास शेजारी जितके ओळखतो, तितके संगणक ओळखत नाही. शिवाय सार्वजनिक पैसा कोणास मिळतो, हे विचारण्याचा जनतेस हक्कच आहे. पण ज्या वऱ्हाडात कर्जाच्या ओझ्याखाली आणि त्याहून भारी अशा लाजेखाली कित्येकांनी जीव दिला, तेथे चावडीवर आपले नाव पुकारले जात असता मान खाली घालून बसलेल्या माणसाचाही विचार झाला पाहिजे. मला वाटते, मर्यादा येथेच आखावी. सरकारी तिजोरीतून काय दिले, ते उघड असावे. कर्जदाराच्या घरची बाकी हकीकत उघड करण्याचे प्रयोजन नाही. जी माहिती ज्या कामासाठी घेतली, ती त्या कामापुरतीच राहावी.

यावर कोणी म्हणतात, ‘ज्याने गुन्हा केला नाही, त्याला भय कशाचे?’ हा प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतःची पत्रे चौकात वाचून दाखवीत नाहीत, हे असो. आपल्याकडे काही लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी २०१६-१७ च्या सुमारास खोट्या नावांखाली चोरून ऐकले गेले, असा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत झाला. त्यांत अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांचेही नाव पुढे आले. पुण्यात २०२२ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये रद्द केला. पण आपले बोलणे कोणी ऐकते की काय, हे निवडून आलेल्या माणसालाही जेथे कळत नाही, तेथे साध्या नागरिकाला ते कसे कळावे?

न्यायाच्या दृष्टीने पाहता नागरिकाची बाजू दुबळी नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यांत नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडेही होते. पुढे २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या संस्थेने रुग्णाच्या मोबाइलमधील सर्व नावे व क्रमांक मागितले आणि त्याने होकार दिला, तरीही तो होकार उपचारास लागणाऱ्या माहितीपुरताच धरावयाचा. हे तत्त्व उत्तम आहे. कायदा मोडणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो.

तथापि याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या ज्या यंत्रणांना वाटेल त्यांना, देशाची सुरक्षा व सुव्यवस्था अशा कारणांसाठी, त्याच्या बंधनांतून मोकळे करण्याची मुभा ठेविली आहे. व्यापाऱ्याला कुलूप आणि सरकारला किल्ली, ही विभागणी मला रुचत नाही. सुरक्षेसाठी एखाद्याचे दार उघडावे लागेलही. पण ते कोणाच्या आज्ञेने, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे लिहिलेले असावे. दुसरी खोच अशी, की या कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक कलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. त्यामुळे वैयक्तिक माहितीचे निमित्त सांगून अधिकाऱ्याला सरकारी व्यवहारही झाकता येतील, ही भीती खोटी नव्हे. नागरिकाचे माजघर राखण्यासाठी केलेली भिंत कचेरीच्या ओसरीभोवती उभी राहिली, तर ते विपरीतच.

संमती मागताना द्यावयाची सूचना मराठीतून मिळण्याची सोयही या कायद्यात आहे. ही बंधने नियम प्रसिद्ध झाल्यापासून १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. ती मराठी सोपी असावी आणि सेवा केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लागलेली असावी. अंगठा टेकविण्यापूर्वी एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने ‘हे कशासाठी लागते?’ असे विचारले, तर केंद्रचालकाने त्याला वाचून दाखवावे, आणि रांगेत मागे उभे असलेल्यांनी तोवर त्याला घाई करू नये.