एक रुपयाचे दीपगृह

नाशिक रोडला समुद्र नाही. तरी 1985 साली इथल्या प्रेसमधून एक दीपगृह बाहेर पडले. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरचे. टपाल तिकिटावर, किंमत एक रुपया. 2 फेब्रुवारी 1885 रोजी तो दिवा पहिल्यांदा लागला होता, म्हणून शताब्दीचे तिकीट. टपाल खात्याचे गणित चोख आहे. खटकतो तो शंभराचा आकडा.

या शंभरातली एकाहत्तर वर्षे हा दिवा आपला नव्हता. 1947 साली इंग्रज गेले, पण मिनिकॉयचे दीपगृह सोडून गेले नाहीत. ते भारताच्या हाती आले 1956 मध्ये. मधली नऊ वर्षे बेट आपले, माडही आपले आणि माडांच्या वरचा दिवा मात्र लंडनचा.

मनोरा देखणा आहे, यात वाद नाही. पांढरा, गोल, विटांचा, दीडशे फुटांच्या आसपास उंच. बेट प्रवाळाचे. तिथे वीट भाजायला माती नाही, म्हणजे वीट न् वीट जहाजातून उतरवावी लागली. बेटाच्या एका अंगाला खडकांनी अडवलेले तळ्यासारखे संथ पाणी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. एवढा खटाटोप बेटावरच्या मच्छीमारांसाठी झाला, असे कुणी समजू नये. 1862 मध्ये पी अँड ओ कंपनीची ‘कोलंबो’ ही आगबोट मिनिकॉयच्या खडकांवर चढून फुटली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि एडनहून कोलंबोकडे जाणाऱ्या बोटींची या वाटेवर रीघ लागली. दिवा त्यांच्यासाठी होता. फुकटही नव्हता. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर मिनिकॉयच्या नावाने दिव्याची पट्टी बसवलेली होती आणि ती बसवणारे होते ब्रिटनचे बोर्ड ऑफ ट्रेड. चालू पेढी कोण सुखासुखी सोडतो?

तिकिटांच्या बाबतीत आपण इतके थांबलो नाही. पूर्वी भारताची तिकिटे लंडनहून, डे ला रू कंपनीकडून छापून येत. 1925 मध्ये नाशिक रोडला सरकारी प्रेस उभी राहिली आणि ते काम इकडे आले, तेही इंग्रजांच्याच अमदानीत. 21 नोव्हेंबर 1947 रोजी स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट निघाले, तेही इथूनच. साडेतीन आण्यांचे, त्यावर तिरंगा आणि ‘जय हिंद’. राजाच्या मुखवट्याऐवजी तिरंगा कागदावर तीन-सव्वातीन महिन्यांत आला. दिव्याला नऊ वर्षे लागली.

बरे, 1956 मध्ये दिवा हाती आला, तेव्हा प्रेसने काय छापले? मे महिन्यात बुद्धजयंतीची तिकिटे निघाली. जुलैत लोकमान्य टिळकांच्या जन्मशताब्दीचे निघाले. दोन्ही योग्यच. पण ज्या वर्षी स्वराज्याचा उच्चार करणाऱ्याचे तिकीट निघाले, त्याच वर्षी स्वराज्यातून बाहेर राहिलेला दिवा परत आला, याची नोंद एका तिकिटाएवढीही झाली नाही. एकोणतीस वर्षांनी तिकीट निघाले, ते इंग्रजांनी दिवा लावल्याचे.

बांधकामाचे वय बांधल्या दिवसापासून मोजतात, असे यावर कुणी म्हणेल. गवंड्याने तसे जरूर मोजावे. तिकीट हा सरकारचा कागद आहे. त्यावर कोणती तारीख घ्यायची, हे सरकार ठरवते आणि हाताशी दोन तारखा असताना त्याने कोणती उचलली, हे बघायला हवे. आता तर दीपगृहांचे पर्यटन सुरू झाले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये देशातल्या 75 दीपगृहांवरच्या पर्यटन सोयींचे लोकार्पण झाले. अशा ठिकाणच्या पाटीवर उंची सापडते, बांधल्याचे साल सापडते. पट्टी कोण घेत होते आणि किल्ली केव्हा हाती आली, एवढ्या दोन ओळींना जागा पुरणार नाही असे नाही.

मिनिकॉयचा दिवा हाती आल्याला 2031 मध्ये पंचाहत्तर वर्षे होतील. तिकिटांचे विषय सुचवणारी टपाल खात्याची सल्लागार समिती आहे. तिच्याकडे प्रस्ताव दोन वर्षे तरी आधी जावा लागतो.