आमच्या नदीवर कसा पूल हवा?



आमच्या गावच्या नदीवर नवीन पूल बांधावा अशी चर्चा ग्रामसभेत चालू आहे. पूल हवा याबद्दल सर्वांचे एकमत आहे. पण तो कसा हवा यावर वाद आहे. आम्हा मुलांना कोणी विचारीत नाही. परंतु नदी ओलांडून रोज शाळेत आम्हीच येतो. म्हणून मी माझे मत लिहीत आहे.

यंदा आमची सहल आंभोऱ्याला गेली होती. तेथे वैनगंगेवर 2024 साली सुरू झालेला मोठा पूल आहे. तो सुमारे 700 मीटर लांब आहे. उंच खांबांवरून जाड तारा तिरप्या खाली आल्या आहेत व त्यांनी पूल तोलून धरला आहे. 40 मीटर उंचीवर एक गॅलरी आहे. सहलीनंतर चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी तोच पूल काढला. मीही काढला. "आपल्या गावीही असाच पाहिजे," असे सर्व म्हणू लागले.

तेव्हा गुरुजींनी विचारले, "तिथे तारा का लावल्या असतील?" मग आम्ही विचार केला. गोसीखुर्द धरणाचे पाणी तुंबल्यामुळे आंभोऱ्याला नदी खोल व रुंद झाली आहे. खोल पाण्यात पुष्कळ खांब उभे करणे कठीण असते. तारांमुळे थोड्या खांबांवर भागते. आमची नदी लहान. उन्हाळ्यात गुडघाभरही पाणी नसते व खाली खडक आहे. येथे साधे खांब उभे राहतील. मग तारा कशाला?

काही जण म्हणतात, आताचाच रपटा थोडा उंच करून खाली सिमेंटचे पाइप टाका, स्वस्तात होते. हेही मला पटत नाही. पुरात ओंडके, पऱ्हाट्या, पालापाचोळा वाहून येतो. पाइप बुजतात आणि पाणी रपट्यावरून जाते. गढूळ पाण्यात रपट्याची कड दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात शाळा सुटली तेव्हा रपट्यावर पाणी चढले होते. मी आणि माझा लहान भाऊ या तीरावर राहिलो. पलीकडे माय टॉर्च घेऊन उभी होती. ती काहीतरी ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हते. भाऊ रडत होता. रात्री आम्ही मैत्रिणीच्या घरी झोपलो. त्या पावसाळ्यात माझे नऊ दिवस गैरहजर लागले.

पूर किती जोराचा असतो हे महाडला दिसले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीच्या पुरात इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पडला व एस. टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. म्हणून पूल ठरवताना आधी पाणी पाहावे, मग शोभा.

माझ्या मते आमचा पूल साधा, खांबांवरचा, पण उंच असावा. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या नदीचे पाणी मागे फुगले. त्याची खूण मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आहे. पूल त्या खुणेच्या वर असावा. दोन खांबांत ओंडका सहज जाईल एवढे अंतर असावे. बाजूला पायी चालणाऱ्यांसाठी वाट व मजबूत कठडा असावा.

आता अडचणही सांगते. पूल उंच केला की दोन्हीकडे मातीचा लांब भराव लागतो. त्यात नदीकाठची जमीन जाते. आमचे वावर तिथेच आहे. बाबा म्हणतात, "उंच पूल झाला तं आपलं अर्धं वावर जाईन. आपण काय खायचं?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्या वावरात आमचा कापूस पिकतो. म्हणून ज्यांची जमीन जाईल त्यांना पूल सुरू होण्याआधी योग्य मोबदला मिळावा, हे गावाने एकमुखाने मागितले पाहिजे. एका घराच्या नुकसानीवर सगळ्यांनी पूल ओलांडू नये.

हे बाबांना मी घरी बोलू शकले नाही. ते पालकसभेला येतील तेव्हा येथे वाचतील. बाबा, रागावू नका. त्या रात्री तुम्ही पण पलीकडेच उभे होते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी